मधमाशीचे बिऱ्हाड

इतिहासाने घोड्यांवर फार माया केली. राणा प्रतापाचा चेतक आणि सिकंदराचा ब्युसेफॅलस यांची नावे शाळेतल्या पोरालाही पाठ असतात. गाढवाच्या वाट्याला मात्र चार म्हणींखेरीज फारसे काही आले नाही. तरीही एका गाढविणीची हकीकत बावीसशे वर्षांहून अधिक काळ टिकून राहिली आहे, आणि मधमाश्या पाळू पाहणाऱ्या माणसाने ती एकदा ऐकावी अशी आहे.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या मध्यास इजिप्तवर दुसऱ्या टॉलेमीचे राज्य होते. त्याचा अर्थमंत्री अपोलोनिअस याची फायूम प्रांतात फिलाडेल्फिया गावी मोठी जहागीर होती व झेनॉन नावाचा कारभारी ती पाहत असे. आलेला कागद जपून ठेवण्याची या झेनॉनला सवय होती. त्याचे दप्तर विसाव्या शतकाच्या आरंभी वाळूतून बाहेर आले. त्यात सेंखोन्स नावाच्या एका विधवेचा अर्ज आहे. तिची गाढवीण निकियास नावाच्या माणसाने नेली होती. ती परत मिळावी, म्हणजे मोहोळे चराईच्या जागी नेता येतील. एरवी ती नासतील आणि त्यात राजाचेही नुकसान आहे, असे ती कारभाऱ्यास कळवते. बदल्यात शिंगरू पाठवून देण्याचीही तिची तयारी आहे. त्याच दप्तरात मधपाळांच्या एका जथ्याचा दुसरा अर्ज आहे. त्यांची गाढवे दहा दिवसांच्या बोलीने कामावर नेली होती. अठरा दिवस उलटले तरी ती परतली नाहीत. मोहोळे अजून शेतांतच पडून आहेत, आणि शेतकरी तर बजावून गेले आहेत की आम्ही आता पाणी सोडणार, झुडपे जाळणार. तुम्ही आपली मोहोळे उचला.

आज काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागेत पेट्या ठेवलेल्या माणसाला बागाइतदार संध्याकाळी निरोप धाडतो की उद्या सकाळी फवारा मारायचा आहे. त्या माणसाची अडचण आणि फायूमच्या मधपाळांची अडचण एकच आहे. माश्या हलवायच्या आहेत, आजच्या रात्रीत हलवायच्या आहेत, आणि वाहन दुसऱ्याच्या हाती आहे.

मधमाशीपालनाचा इतिहास लिहिणारे राणीमाशीवर लिहितात, पेटीवर लिहितात, मधावर तर लिहितातच. ही पेटी एका जागेहून दुसऱ्या जागी कशी गेली याचा विचार सहसा होत नाही. वास्तविक या धंद्यात कोण टिकला आणि कोण बाहेर राहिला, याचा निर्णय पुष्कळदा पेटीखालच्या वाहनानेच केलेला आहे. नागपूरच्या आसपासच्या मुलखापुरता तरी हा विचार करून पाहण्यासारखा आहे.

पहिला प्रश्न असा, की माश्या हलवायच्याच कशाला? उत्तर सोपे आहे. फुलोरा एका जागी बारमाही नसतो, आणि माशीची धाव मर्यादित असते. आपली सातेरी माशी साधारण एखादा किलोमीटर फिरते. युरोपियन मेलिफेरा माशी दोनतीन किलोमीटरपर्यंत जाते. तेवढ्या टापूतला बहर सरला की वसाहत साठवलेला मध खाऊ लागते. मग तिला नव्या बहराकडे न्यावे लागते, आणि तेही पुरेसे लांब. मधपाळांत जुना दंडक आहे की पेटी हलवावी तर तीन फूट, नाहीतर तीन मैल. त्याच्या मधल्या अंतरावर नेली तर चरायला गेलेल्या माश्या ओळखीच्या खुणा पाहून जुन्याच जागी परततात आणि तेथे घिरट्या घालून मरतात. म्हणजे पेटी डोक्यावर घेऊन शेजारच्या शेतात नेऊन ठेवण्यात काही अर्थ नाही. तीन मैलांपलीकडे जायचे म्हटले की वाहन आलेच.

रोमन ग्रंथकार प्लिनी पहिल्या शतकात लिहितो की पो नदीकाठच्या होस्टिलिया गावचे लोक चारा आटला की मोहोळे होड्यांवर चढवीत आणि रात्रीच्या रात्री प्रवाहाविरुद्ध पाच मैल वर नेत. दिवसा माश्या काठावर चरत व होडीत परतत. मधाच्या वजनाने होडी पाण्यात पुरेशी खचली, की मोहोळे भरली असे समजून ती माघारी आणीत. स्पेनमध्ये हेच काम खेचरांकडून करवून घेत, असेही तो नोंदवतो. मध मोजायला होडीचाच तराजू करणारे ते लोक अडाणी खास नव्हते.

अर्थात ही मोहोळे मातीच्या नळ्यांची, वेताच्या टोपल्यांची वा झाडाच्या सालीची असत. आतली पोळी भिंतींना चिकटलेली. धक्का बसला की तुटायची. १८५१ साली अमेरिकेत लँगस्ट्रॉथ या पाद्र्याच्या ध्यानात आले की चौकटीभोवती साधारण पाऊण ते एक सेंटीमीटरची वाट मोकळी ठेवली, तर माश्या ती मेणाने वा राळेने बुजवीत नाहीत. या शोधातून सुट्या चौकटींची पेटी निघाली. तिने मध काढणे सुलभ झाले हे सर्वजण सांगतात. पण पोळे लाकडी चौकटीत बसल्यामुळे मोहोळ प्रवासाला योग्य झाले, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. १८७८ साली पेरिन नावाच्या गृहस्थाने शेकडो पेट्या तराफ्यावर रचून बहराच्या मागोमाग मिसिसिपी नदीतून उत्तरेस जाण्याचा घाट घातला. वाटेतल्या खोळंब्यांनी तो बेत फसला. १९०७ च्या हिवाळ्यात नेफी मिलर याने यूटामधल्या आपल्या पेट्या रेल्वेने कॅलिफोर्नियास नेल्या आणि तो मात्र यशस्वी झाला. दोघांची कल्पना एकच होती. एकाला वेळेवर पोचवणारे वाहन मिळाले, दुसऱ्याला मिळाले नाही.

हिंदुस्थानातली गोष्ट निराळ्या वळणाने गेली. दक्षिणेत फादर न्यूटन यांनी १९११ ते १९१७ च्या सुमारास आपल्या देशी माशीला पुरेल अशी लहान पेटी तयार केली. ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९२८ साली शेतीविषयक शाही आयोगाने हा जोडधंदा म्हणून वाढवावा असे सुचवले. १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत, कुमारप्पांनी त्याचा कारभार मांडला. तेथे घाणी होती, हातकागद होता आणि मधमाश्याही होत्या. नागपूरपासून जेमतेम पाऊणशे किलोमीटरवर या धंद्याची एवढी मोठी शाळा उभी राहिली होती.

त्या शाळेची माशी होती सातेरी, आणि तिचा स्वभाव घरकोंबडीचा. ती परसात राहते, जंगलाच्या कडेला राहते. थोडाच मध देते, पण खर्चही थोडाच मागते. वारंवार हलवले, छेडले, तर घर सोडून निघून जाते. तिच्या पेटीला कावड पुरे, फार तर बैलबंडी पुरे. १९४६ साली महाबळेश्वरास मध केंद्र निघाले आणि जांभूळ, गेळा, हिरडा, कारवी यांच्या मधाचे नाव झाले. तेथेही पद्धत मुख्यतः हीच होती. माशी रानाच्या आश्रयाने घराजवळ राहायची आणि मध तेवढा गोळा होऊन बाजारात जायचा. मेळघाटातल्या कोरकूंचा आग्या मोहोळाशी संबंध तर पायवाटेचा आणि दोराचा; ती माशी पेटीत राहतच नाही. तात्पर्य, वाहन हा त्या काळी मधपाळाच्या चिंतेचा विषय नव्हता. ज्याच्यापाशी दोन हात आणि एक परसू आहे, त्याला हा धंदा खुला होता. ग्रामोद्योग म्हणून त्याची निवड झाली तीही याच कारणाने.

मध्यंतरी देशात मोटारीचे युग वर्दळीला आले. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जीपा लिलावात निघाल्या आणि जुनी गाडी स्वस्तात घेऊन ती कामाला जुंपण्याची चाल सामान्य व्यापाऱ्यांत पडली. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्रांच्या कंपनीने पुढे विलीज जीपा येथेच जोडायला घेतल्या. १९५८ साली नवलमल फिरोदियांनी जर्मन सहकार्याने बजाज टेंपो कंपनी काढली. तिच्या तीनचाकी गाडीने मराठीला नवा शब्द दिला. आज कोणत्याही कंपनीचे लहान मालवाहन आपल्याकडे टेंपोच असते. १९६९ साली त्याच कंपनीने मॅटॅडोर काढली. ज्या बजाज घराण्याने मगनवाडी दिली, त्याच घराण्याचे नाव पंचवीस वर्षांत टेंपोच्या कपाळावर आले. बैलबंडीच्या अर्थशास्त्राची आणि टेंपोच्या अर्थशास्त्राची वाट अशी एका दारावरून गेली.

आणि मग माशीच बदलली. १९६२ साली पुण्यास केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था निघाली. त्याच सुमारास उत्तरेत नगरोटा बगवाँ येथे डॉ. अटवाल यांनी मेलिफेरा माशी या देशात रुजवून दाखवली. पुढच्या काही दशकांत ती पंजाबातून सर्वत्र पसरली. सातेरीची वसाहत वर्षाला पाचदहा किलो मध देते, तेथे मेलिफेरा तीस किलो आणि त्याहून अधिकही देते. पण ही मोठ्या खाण्याची माशी आहे. एका जागी ठेवली तर बहर संपताच तिला साखर पाजावी लागते आणि मिळवलेला पैसा त्यातच जातो. वर्षात चारपाच बहर गाठून दिले, तरच तिचे उत्पन्न खरे. महाबळेश्वरच्या मधपाळाची माशी घरी राहत होती; मेलिफेरा पाळणाऱ्याला स्वतःच बिऱ्हाड घेऊन फिरावे लागते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, तसे या माशीचे चाकांवर. धंद्याची पेटी तीच राहिली, पण भांडवलात एक मोटार वाढली, आणि परसातला माणूस नकळत बाहेर राहिला.

नागपूर हे या फिरस्तीला सोयीचे ठिकाण आहे. दक्षिणोत्तर आणि पूर्वपश्चिम जाणारे दोन मोठे राष्ट्रीय महामार्ग येथे एकमेकांस छेदतात. जानेवारी-फेब्रुवारीत काटोल, नरखेड, वरुडकडे संत्र्याचा आंबिया बहर फुलतो. त्याच्या आगेमागे जवस असते, तूर असते. चैत्रात कडुनिंब आणि करंज येतात. पावसाळा सरता सरता बोरी फुलतात, आणि सातपुडा चढून छिंदवाड्याकडे गेले तर कारळ्याची पिवळी शेते लागतात. रेल्वे नागपुरास १८६७ सालीच आली. पण ती संत्र्याच्या धुऱ्यापर्यंत येत नाही. तेथे लहान मालमोटारच हवी.

ती भाड्याची का घेऊ नये? वर्षाला पाचसहा फेऱ्यांसाठी गाडी पोसायची कशाला, असा हिशेब कोणीही करील, आणि कागदावर तो बरोबरच दिसेल. पण पेट्या दिवसा हलवता येत नाहीत. माश्या चरून परतल्या, अंधार पडला, की दारे बंद करावी लागतात आणि उजाडण्यापूर्वी नव्या जागी उघडावी लागतात. भाड्याचा गाडीवान रात्रीच्या कामाला नाखूश, आणि माश्यांच्या कामाला तर अधिकच. तो परवा येतो म्हणतो. परवापर्यंत फवारा होऊन जातो. आंबिया बहराच्या कोवळ्या पालवीवर सिट्रस सायला ही कीड येते आणि तिच्यावर औषध मारण्याचे दिवस नेमके फुलांचेच असतात. बागाइतदाराचाही त्यात दोष नाही. त्याचे वर्षाचे पीक त्या पालवीवर आहे. फायूमचे शेतकरी पाणी सोडणार होते, काटोलचा शेतकरी औषध सोडतो. अशा वेळी भाड्यात वाचवलेले पैसे एका रात्रीच्या मेलेल्या वसाहतींत वसूल होतात. म्हणून या धंद्यात स्वस्त वाहन याचा अर्थ कमी किमतीचे एवढाच घेऊन चालत नाही. ठरल्या रात्री जे दाराशी उभे असते आणि किल्ली फिरवताच सुरू होते, ते स्वस्त. नवी गाडी हे काम करते, पण तिचा हप्ता लहान मधपाळाला पेलत नाही. उरते ती वापरलेली गाडी, आणि ती पारखून घेण्याची कला.

आधी रात्रीचा हिशेब करावा. दहा चौकटींची भरली पेटी साधारण पंचवीस किलोंची धरली, तर पाऊण टनाच्या गाडीत वजनाने तीस पेट्या बसतात. २००५ साली निघालेली आणि लोकांनी छोटा हाथी म्हणून बारसे केलेली टाटा एस ही त्या मापाची गाडी. तिचा हौदा सुमारे सात फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद. पेटी वीस इंच लांब आणि सव्वासोळा इंच रुंद. म्हणजे लांबीत चार आणि रुंदीत तीन, एका थरात बारा. हवेसाठी फटी ठेवून दोन थर लावले तर चोवीस पेट्या झाल्या. जानेवारीत नागपुरास सहाच्या सुमारास मावळते आणि सातच्या जरा आधी उजाडते. एवढ्या रात्रीत साठ किलोमीटरवरच्या काटोलला दोन फेऱ्या होतात आणि पन्नासाच्या आसपास पेट्या पोचतात. छिंदवाडा मात्र सव्वाशे किलोमीटर, वाटेत घाट. तेथे एका रात्रीत एकच फेरी धरावी. ज्याचा धंदा संत्र्यापुरता आहे त्याला लहान गाडी पुरते. ज्याला कारळ्यापर्यंत जायचे आहे त्याने एक ते दीड टन वाहणारी जुनी पिकअप पाहावी, मग ती चार वर्षे अधिक म्हातारी का असेना. वयाहून माप महत्त्वाचे आहे, कारण रात्र लांबवता येत नाही.

बंद डब्याची जुनी मॅटॅडोर वा व्हॅन पुष्कळदा कवडीमोलाने मिळते आणि पाऊस लागत नाही म्हणून मोह होतो. तो आवरावा. कोंडलेली वसाहत घाबरते, घाबरली की तापते. पोळ्यातली अंडी-पिल्ले चौतीस-पस्तीस अंशांवर वाढतात. त्याहून उष्णता बरीच चढली की कोवळे मेण ढासळते आणि सबंध पेटी आपल्याच मधात बुडून मरते. विदर्भातला उन्हाळा पंचेचाळीस अंशांपार जातो आणि तेथल्या मे महिन्यातली रात्रदेखील तापलेली असते. उघडा हौदा आणि वाहता वारा हाच येथे खरा इलाज. वाटेत चहासाठीही फार थांबू नये. गाडी थांबली की वारा थांबतो.

इंजिन पाहण्याआधी एक प्रश्न विचारावा, आणि तो मोटारीच्या दलालाला चमत्कारिक वाटेल: या गाडीने आजवर काय वाहिले? कामठी मार्गावर नागपुरात एका चौकाचे नावच ऑटोमोटिव्ह चौक आहे; अमरावती मार्गावर वाडीला मालवाहतुकीची मोठी वस्ती आहे. अशा मुलखात गाड्या पुष्कळ दिसतात, पण प्रत्येकीचा पूर्वेतिहास निराळा असतो. कापसाच्या प्रदेशात कीटकनाशकांचे डबे वाहून आयुष्य काढलेली गाडी चकचकीत असली तरी सोडून द्यावी. सांडलेले औषध फळ्यांच्या सांध्यांत आणि पत्र्याच्या खाचांत मुरते, आणि माश्यांना त्याचा अंशही पुरतो. भाजीपाला, विटा, भांडी वाहिलेली गाडी बरी.

मग कमानी पाहाव्यात. एक पाता तुटलेला असला तर माणसाला फक्त हिसका बसतो. पेटीत चौकटी एकमेकींवर आपटून राणी चिरडते. पेट्या रचण्याची रीतही वाहनाबरोबर बदलली आहे. बंडी खडबडीत वाटेने डावी-उजवीकडे झुलते, म्हणून बंडीत चौकटी आसाला समांतर ठेवीत. मोटारीचा धक्का ब्रेक दाबताना मागून पुढे येतो, म्हणून मोटारीत चौकटी रस्त्याच्या दिशेने लावतात. बैल गेला आणि पेटी काटकोनात फिरली, एवढाच त्या स्थित्यंतराचा पुरावा हौद्यात उरला आहे. याखेरीज दोर बांधायचे आकडे शाबूत आहेत का, दिवे नीट आहेत का आणि स्टार्टर पहिल्या फेऱ्याला लागतो का, हे पाहावे. बंद पडलेली गाडी ढकलायला चार माणसे लागतात, आणि माश्या भरलेल्या गाडीला हात लावायला मध्यरात्री कोणी येत नाही.

कागदांचेही थोडे सांगितले पाहिजे, कारण स्वस्त गाडीची खरी किंमत पुष्कळदा कागदांत दडलेली असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे एकूण भारित वजन तीन हजार किलोंपर्यंत असलेल्या मालवाहनास परवाना लागत नाही. लहान मधपाळाला हा मोठा दिलासा आहे. आठ वर्षांवरच्या व्यापारी गाडीची योग्यता-तपासणी मात्र दरवर्षी करावी लागते, आणि पंधरा वर्षांवरच्या गाड्यांसाठी तिचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून पुष्कळ वाढले आहे. म्हणून चौदा वर्षांची गाडी सहा वर्षांच्या गाडीहून निम्म्या किमतीत मिळाली, तरी ती निम्मी स्वस्त असतेच असे नाही. आधीच्या कर्जाचा बोजा उतरला आहे याची खात्री करून घ्यावी. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत हस्तांतर कळवायचे असते. ‘करू सावकाश’ म्हणणाऱ्या भल्या माणसाशी हा व्यवहार करू नये. छिंदवाड्याच्या वाटेवर राज्याची हद्द ओलांडावी लागते, आणि तेथे रात्री दोन वाजता भलेपणाचा कागद चालत नाही.

एवढे सगळे पाहून घेतलेली गाडीही एका माणसाला जड जाते, हे खरे आहे. वर्षातल्या उरलेल्या रात्री आणि सगळे दिवस ती रिकामी उभी असते. तिने दिवसा भाजी वाहावी, संत्री बाजारात न्यावीत. फक्त औषधाच्या दुकानाचे भाडे घेऊ नये. किंवा दोघातिघांनी मिळून एक गाडी घ्यावी. मात्र बहर सर्वांचा एकाच आठवड्यात येतो, तेव्हा कोणत्या रात्री गाडी कोणाची, हे आधीच लिहून ठेवावे. फायूमच्या मधपाळांपाशी गाढवे नव्हती असे नाही. ती दहा दिवसांच्या बोलीने गेली आणि अठराव्या दिवशीही परतली नाहीत, एवढेच त्यांचे दुःख होते. सहकाराचे करार मोडतात ते अशाच बोलींत.

मगनवाडीच्या काळात मधपाळ होण्यासाठी परसू लागत होते; आज चाके लागतात. हा बदल चांगला की वाईट, यावर वाद घालता येईल. सातेरी पाळून जागेवर राहण्याची वाटही अजून बुजलेली नाही. महाबळेश्वराजवळचे मांघर २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले ते त्याच परंपरेतून. पण रानापासून दूर, कापूस-संत्र्याच्या मुलखात ज्याला मेलिफेरा पाळून चार पैसे मिळवायचे आहेत, त्याच्यापुढे पहिला प्रश्न माशीचा नाही, पेटीचाही नाही. तो त्या विधवेने कारभाऱ्यासमोर मांडलेलाच प्रश्न आहे. तिला गाढवीण परत मिळाली की नाही, ते दप्तर सांगत नाही.